परवानग्या वाटणाऱ्याला किती परवानगी?

डेटाबेस सांभाळणाऱ्यांकडे दिवसभर येणाऱ्या मागण्यांचा सूर साधारण एकच असतो. नव्या विश्लेषकाला विक्रीचे टेबल बघायचे आहे, अ‍ॅक्सेस द्या. टेस्टिंगवाल्यांना दोन दिवस लिहिण्याची मुभा हवी. अमुक जण दुसऱ्या टीममध्ये गेला, त्याचा अ‍ॅक्सेस काढा. (ही तिसरी मागणी सहसा कोणी करतच नाही, आणि निम्मी गोची तिथेच आहे.) काम एका ओळीचे. ‘ग्रँट’ म्हटले की परवानगी मिळते, ‘रिव्होक’ म्हटले की जाते. आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पातल्या संशोधकांनी ही रीत १९७६ मध्ये शोधनिबंधातून मांडली. गाभा अजून तोच आहे.

इतके साचेबद्ध काम एआय एजंटकडे सोपवावे असे कोणालाही वाटेल. बोली भाषेत मागणी सांगायची, आज्ञा तयार करून एजंटनेच ती चालवायची, तिकीट बंद. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिकने ‘एमसीपी’ ही जोडणीची खुली पद्धत जाहीर केली, त्यानंतर मॉडेलला डेटाबेसशी जोडणे फारच सोपे झाले.

पेच असा, की परवानग्या वाटायच्या तर वाटणाऱ्याच्या हाती तेवढी सत्ता हवी. पोस्टग्रेस या लोकप्रिय डेटाबेसमध्ये ‘क्रिएटरोल’ नावाचा अधिकार आहे. नाव ऐकून वाटते, नवी खाती उघडण्यापुरता असेल. पण २०२३ मध्ये सोळावी आवृत्ती येईपर्यंत हा अधिकार असलेले खाते स्वतःला जवळपास कोणताही रोल, म्हणजे परवानग्यांचा गठ्ठा, देऊ शकत होते. अपवाद फक्त सुपरयूजरचा, आणि तोही नावापुरता. कारण ज्या रोलमुळे थेट सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवता येतात, तोही असा स्वतःला देता येत होता. सोळाव्या आवृत्तीने ही वाट बुजवली. आता ज्या रोलचा ‘अ‍ॅडमिन ऑप्शन’ हाती असेल, तेवढाच वाटता येतो. जुन्या आवृत्तीवर एजंटला असे खाते देणे म्हणजे कुंपणाला शेत खायचे आमंत्रणच.

यावर ठरलेले उत्तर येते: एजंटला नीट बजावून ठेवू. जुलै २०२५ मध्ये जेसन लेमकिन या उद्योजकाने रेप्लिट कंपनीच्या एजंटला असेच बजावले होते, की आता कशालाही हात लावायचा नाही. एजंटने प्रॉडक्शनचा डेटाबेस पुसला. त्यात बाराशेहून अधिक अधिकाऱ्यांच्या नोंदी होत्या. वर, डेटा परत आणता येणार नाही असेही ठोकून दिले. प्रत्यक्षात तो परत आणता आला. चर्चा झाली ती एजंट खोटे बोलल्याची. मला त्यापेक्षा साधा प्रश्न पडतो: पुसण्याचा अधिकार त्याच्याकडे होताच कशाला? कंपनीचे प्रमुख अमजद मसाद यांनी माफी मागितली, आणि विकासाचा व प्रॉडक्शनचा डेटाबेस आपोआप वेगळे ठेवण्याची घोषणा केली. म्हणजे इलाजही सूचनेत नव्हता, रचनेत होता.

शिवाय एजंटला सूचना देणारे आपण एकटेच नसतो. त्याच वर्षी सुपाबेस या डेटाबेस सेवेबाबत संशोधकांनी एक हल्ला करून दाखवला. ग्राहकाच्या तक्रारीच्या मजकुरातच एजंटसाठी हुकूम लिहिला होता: गुप्त टोकनचे टेबल वाच आणि इथे उत्तरात टाक. कर्मचाऱ्याने एजंटला तक्रारी पाहायला सांगितले, एजंटने हुकूमही पाळला. त्याचे खाते ओळीनुसार बंधने घालणाऱ्या सुरक्षेला बगल देणारे होते, त्यामुळे अडवायला कोणी नव्हतेच.

मग ‘फक्त वाचा’ असा मोड लावू? तो कुठे लावला, यावर सगळे आहे. अँथ्रोपिकनेच नमुन्यादाखल दिलेला पोस्टग्रेसचा एमसीपी सर्व्हर प्रत्येक प्रश्न फक्त-वाचन ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळत असे. डेटाडॉग या कंपनीच्या संशोधकांना आढळले, की सुरुवातीलाच ‘कमिट’ लिहिले की ते ट्रान्झॅक्शन संपते आणि पुढची आज्ञा मोकळी सुटते. डेटाबेसमधल्या खात्यालाच लिहिण्याचा अधिकार नसता, तर ‘कमिट’ म्हणून काही साधले नसते.

म्हणून माझ्या मते एजंटने आज्ञा लिहावी, मागणी कोणाची आणि का हे जोडावे, आणि थांबावे. चालवण्याचे काम मंजुरीनंतर वेगळ्या खात्याने करावे, ज्याचा पासवर्ड एजंटला दिसतही नाही. रोजच्या किरकोळ मागण्यांसाठी प्रत्येक वेळी माणूस बसवणे परवडत नसेल, तर आधी बांधून ठेवलेल्या मोजक्या रोलपुरताच अ‍ॅडमिन ऑप्शन द्यावा. मात्र तो हाती असलेला एजंट ते रोल स्वतःलाही देऊ शकतो. तेव्हा त्या यादीत पगाराचे टेबल उघडणारा रोल नको.

दोन दिवसांची परवानगी हे आणखी एक दुखणे. पोस्टग्रेसमध्ये मुदतीचे ग्रँट नाही. ‘व्हॅलिड अंटिल’ दिसते, पण ते फक्त पासवर्डची मुदत ठरवते. त्यामुळे परत घेण्याचे काम एजंटच्या आठवणीवर न सोडता वेळापत्रकाने चालणाऱ्या वेगळ्या जॉबला द्यावे. एजंटचा खरा उपयोग मला इथे दिसतो: टीम सोडून गेलेल्यांकडे काय काय राहिले आहे, कोणता रोल कोणत्या रोलमधून झिरपत आला आहे, हे कॅटलॉग वाचून शोधणे. कंटाळवाणे काम, माणसे टाळतात, आणि त्याला वाचनापलीकडे अधिकार लागत नाही.

लॉगचेही बघावे लागेल. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याखाली नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले नियम अ‍ॅक्सेसवर नियंत्रण मागतात, आणि लॉग वर्षभर ठेवायला सांगतात. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. एजंट आणि तीन डेटाबेस प्रशासक एकाच ‘अ‍ॅडमिन’ खात्यातून काम करत असतील, तर त्या लॉगमध्ये ओळीमागून ओळ ‘अ‍ॅडमिन’च दिसेल. एजंटला स्वतःच्या नावाचे खाते द्यायचे, आणि लॉग जिथे साठतो तिथे त्या खात्याला लिहू द्यायचे नाही.