मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर तेच, तास निराळे

मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या आमच्या शेजारच्या काकूंनी तिकीट पुढे केलं. मुंबईहून रात्री दीडला सुटायचं, न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी सातला पोचायचं. "म्हणजे साडेपाच तासच ना?"

नाही. तिकिटावरची वेळ ज्या-त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं. ते मिळवले की प्रवास निघतो सोळा तासांचा. (मार्च ते नोव्हेंबर तिथली घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा फरक साडेनऊ तासांचा.)

दुसरी शंका वाटेची. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ अरबस्तान, उत्तर आफ्रिका, अटलांटिक अशी जाते. मग विमान उत्तरेला का वळतं? पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून बघा. तो रशिया, नॉर्वे आणि आइसलँडच्या अंगाने जातो. ते अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. पट्टीच्या रेघेने गेलात तर ते १४,२०० च्या घरात जातं. सपाट कागदावर गोल पृथ्वी उलगडताना उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात, म्हणून जवळची वाट लांबची दिसते.

सगळ्यात चिवट गैरसमज मात्र पृथ्वीच्या फिरण्याचा. पृथ्वी पूर्वेकडे फिरते, तेव्हा पश्चिमेला निघालेल्या विमानाखाली न्यूयॉर्क आपणहून सरकत येईल, असं पुष्कळांना वाटतं. पण हवाही जमिनीबरोबरच फिरते. फिरत नसती, तर विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६७० किलोमीटरचा वारा अखंड वाहिला असता! प्रत्यक्षात तर उलटंच होतं. परतीचं विमान बहुधा दीड-दोन तास लवकर येतं, कारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरकस वाऱ्याचे झोत वाहतात. १९२० च्या दशकात जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून ते मोजले आणि निष्कर्ष एस्पेरांतो भाषेत छापले. बाहेरच्या जगाने फारशी दखल घेतली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. याच वाऱ्याच्या जोरावर फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून निघालेलं एक विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला उतरलं. एरवी त्याला साडेसहा-सात तास लागतात.

वाट नेहमी दोऱ्यासारखी मिळतेच असंही नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि त्यांना वळसे घालावे लागले. शिवाय तिकिटावरच्या वेळेत धावपट्टीपर्यंत सरकण्याची मिनिटंही धरलेली असतात.

काकूंना मधुमेह आहे. डॉक्टरांना त्या "साडेपाच तासांचा प्रवास" असं सांगणार होत्या. त्यांच्या वहीत मी लिहून दिलं : विमानात सोळा तास, घरापासून लेकीच्या दारापर्यंत बावीस धरा, आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीत.