तिकीट दाखवले एक, दिले दुसरेच : कार्डावरून गेलेले पैसे परत कसे मागावेत?



या पानावर आम्ही लागण, खोडवा, पाणी आणि खताचे हप्ते यांविषयी लिहीत असतो. मग मुंबईच्या गाण्याच्या कार्यक्रमाची तिकिटे इथे कशाला आली, असे कोणी म्हणेल. पण किल्लारी, लामजना, औसा या आपल्या भागातली कितीतरी लेकरं पुण्या-मुंबईला शिकायला आणि नोकरीला आहेत, आणि त्यांच्या खिशातले कार्ड पुष्कळदा बापाच्या उसाच्या बिलावरच चालते. पोराने हजारो रुपये मोजून तिकीट घेतले, हाती भलतेच आले, तर पैसे बुडाले म्हणून गप्प बसायचे काय? आमचे म्हणणे, लगेच गप्प बसू नये.

मागचे एक उदाहरण कोल्डप्ले या इंग्रज वाद्यवृंदाचे. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांचे कार्यक्रम १८, १९ व २१ जानेवारी २०२५ रोजी झाले. तिकीटविक्री २२ सप्टेंबर २०२४ रोजी बुकमायशो या संकेतस्थळावर सुरू झाली आणि बघता बघता संपली. अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटे दुसऱ्या संकेतस्थळांवर लाखाच्या भाषेत बोलू लागली. बुकमायशोने अशा पुनर्विक्रीशी आपला संबंध नाही असे जाहीर करून पोलिसांत तक्रार दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे ईडीने, मुंबई, दिल्ली, जयपूर, बंगळूर, चंदीगड अशा शहरांत झडत्या घेतल्या. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही झाली. जानेवारी २०२५ मध्ये ती निकाली काढताना न्यायालयाने नियम करण्याचे काम सरकारचे व कायदेमंडळाचे असल्याचे सांगितले. टॉकीजबाहेर ‘पाच का दस’ म्हणणारा ब्लॅकवाला आपण सर्वांनी पाहिला आहे. आता तो मोबाईलमध्ये बसला, एवढाच फरक. तेव्हा निदान त्याची कॉलर धरता येत होती!

आता मुख्य मुद्दा. तिकीट महाग घेतले ही तक्रार होत नाही. भाव पाहून आपणच हो म्हटलेले असते. तक्रार होते ती दाखवले एक आणि दिले दुसरे याची. पुढच्या रांगेतली जागा दाखवून मागची दिली, दोन जागा शेजारी सांगून लांबलांब दिल्या, दारावर तिकीट खोटे निघाले, किंवा तिकीट आलेच नाही, या गोष्टींना दाद आहे. बियाण्याचेच घ्या. पिशवीवर एक वाण छापले आणि उगवले दुसरे, तर आपण दुकानदाराची पावती, पिशवी, टॅग आणि मूठभर बियाणे घेऊन जातो. इथेही तसेच. विकणाऱ्याने जाहिरातीत काय लिहिले होते त्याचे मोबाईलवर चित्र काढून ठेवावे, आणि तेही पैसे भरतानाच. कारण कार्यक्रम झाला की ते पान गायब होते, बरं का.

कार्डाने पैसे दिले असतील तर त्यात एक सोय असते, तिला चार्जबॅक म्हणतात. आपली बँक, विक्रेत्याची बँक आणि मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांची यंत्रणा, अशी ही साखळी आहे. आपण आपल्या बँकेत लेखी वाद नोंदवला आणि बँकेला तो नियमात बसतो असे वाटले, की ती त्या साखळीतून विक्रेत्याच्या बँकेकडे रक्कम परत मागते. विक्रेता परदेशातला असला तरी हा मार्ग चालतो, हे याचे मोठे बळ. आपल्याला सातासमुद्रापार भांडायला जावे लागत नाही. मात्र विक्रेत्यालाही उत्तर देण्याची संधी असते. त्याने पुरावा दिला तर खात्यावर तात्पुरते जमा झालेले पैसे परत वळते होऊ शकतात. म्हणून जमा दिसले की खर्चू नयेत.

इथे पुष्कळ पोरं एक घोटाळा करतात. बँकेला फोन लावून सांगतात, ‘हा व्यवहार मी केलाच नाही.’ असे कदापि सांगू नये. ओटीपी पुष्कळदा आपल्याच मोबाईलवर आलेला असतो, बँक ते लगेच दाखवते, आणि खरी तक्रारही खोटी ठरते. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात दिलेले, कामकाजाच्या तीन दिवसांत कळवा, नुकसान शून्य, हे संरक्षण आपल्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारासाठी आहे. आपण पैसे स्वतः दिले, पण माल सांगितल्याप्रमाणे नाही, हा वाद वेगळा, आणि त्याच नावाने मांडावा.

आधी विक्रेत्याला ई-मेलने पैसे मागावेत, कारण बँक पहिला प्रश्न तोच विचारते. तो ‘आम्ही फक्त मध्यस्थ’ म्हणाला तर तेही उत्तर जपून ठेवावे. मग बँकेला साध्या भाषेत अर्ज द्यावा : ‘अमुक तारखेला अमुक रक्कम माझ्या कार्डावरून मी दिली. जाहिरातीत अमुक जागा होती, प्रत्यक्षात अमुक मिळाली. विक्रेत्याने परतावा नाकारला. सोबत जाहिरातीचे चित्र, तिकीट व पत्रव्यवहार जोडला आहे. सबब ही रक्कम वादग्रस्त धरून चार्जबॅक करावा.’ अर्जाची पोच आणि तक्रार क्रमांक घ्यावा. काट्यावरची पावती आपण जशी सोडत नाही, तशीच ही.

मुदत पाळणे फार महत्त्वाचे. व्हिसा-मास्टरकार्डच्या नियमांत अशा वादांना साधारण १२० दिवस मिळतात, परंतु ते कोणत्या तारखेपासून मोजायचे हे वादाच्या प्रकारावर ठरते आणि बँकेची स्वतःची मुदत कमीही असू शकते. तेव्हा आठवडाभरातच अर्ज जावा. क्रेडिट कार्ड असेल तर वाद नसलेले बाकी बिल वेळेवर भरावे, नाहीतर व्याज चढते. वादातल्या रकमेचे काय करायचे ते बँकेला लेखी विचारावे. खालची जागा मिळूनही कार्यक्रम पाहून आला असाल तर पूर्ण रक्कम मागण्यापेक्षा फरक मागणे शहाणपणाचे. आख्खी मागाल तर विक्रेता ‘कार्यक्रम तर पाहिला’ एवढे म्हणून मोकळा होतो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. विक्रेत्याविरुद्ध राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे आपल्यासाठी लातूरला, दावा लावता येतो. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची.

राहिला तो व्हॉट्सअ‍ॅपवर ओळख काढून यूपीआयने परक्या माणसाच्या खात्यावर पैसे टाकण्याचा प्रकार. तिथे कार्डासारखी साखळी नसते. फसलो असे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा, म्हणजे पैसे पुढे काढण्याआधी खाते गोठवण्याची शक्यता राहते. सकाळी बघू म्हणून थांबू नये. रात्री कळले तर रात्रीच फोन लावावा.