बाभळीचा काटा आणि कुलूपबंद पेटी
ग्रामीण शाळांतील विज्ञान-साहित्य आणि कृषी विस्तार

ग्रामीण भागातील उच्च प्राथमिक शाळेत विज्ञान-साहित्याची एक पेटी बहुधा असतेच. परीक्षानळ्या, चंचुपात्र, भिंग, लोहचुंबक, स्पिरिटचा दिवा असा ऐवज तीत असतो आणि पेटीला कुलूप असते. या कुलपामागे शिक्षकाचा आळस क्वचितच असतो. पेटीतील प्रत्येक वस्तू जडवस्तू नोंदवहीत चढलेली असते. ती फुटल्यास उत्तर मुख्याध्यापकांना द्यावे लागते. आणि न वापरलेली वस्तू सहसा फुटत नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७ मध्ये सुरू झालेल्या खडू-फळा मोहिमेने देशभरातील प्राथमिक शाळांना खोल्या, शिक्षक आणि किमान अध्यापन-साहित्य पुरवण्याचे काम हाती घेतले. साहित्य शाळेत पोहोचणे आणि ते मुलाच्या हाती पडणे यांतील अंतर मात्र पुरवठ्याने मिटत नाही. कृषी विस्ताराच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना हे अंतर नवे नाही. मृदा आरोग्य पत्रिका घरात येते. तिच्यावरील आकड्यांमुळे खताची मात्रा बदलतेच असे नाही.

या अंतरावर तीस वर्षे काम करणारा एक उपक्रम मध्य प्रदेशात होऊन गेला. तत्कालीन होशंगाबाद, म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा माध्यमिक शाळांतून ‘होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम’ सुरू झाला. (सहावी ते आठवीच्या शाळेस तेथे माध्यमिक शाळा म्हणतात.) पुढाकार रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर आणि बनखेडी परिसरातील किशोर भारती या दोन संस्थांचा होता. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ येथील वैज्ञानिक त्यात सहभागी झाले. १९७८ मध्ये कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत पोहोचला, १९८२ मध्ये त्याची धुरा वाहण्यासाठी ‘एकलव्य’ ही संस्था स्थापन झाली आणि अखेरच्या टप्प्यात राज्यातील सुमारे एक हजार शाळा त्याच्या कक्षेत होत्या. दोन्ही आरंभकर्त्या संस्थांचा पिंड ग्रामविकासाचा होता, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. रसूलियाचे नाव तर पुढे ‘ऋषी-खेती’च्या प्रयोगांमुळे शेतीच्या वर्तुळातही परिचित झाले.

या कार्यक्रमाचे ‘बालवैज्ञानिक’ हे पुस्तक उघडले की त्याचे वेगळेपण लगेच ध्यानात येते. त्यात व्याख्या व तयार उत्तरे जवळजवळ नाहीत. प्रयोग आहेत, परिभ्रमणाच्या सूचना आहेत आणि प्रश्न आहेत. चार-चार मुलांच्या टोळीने प्रयोग करावा, जे दिसले ते आपल्या शब्दांत वहीत लिहावे आणि मग वर्गात चर्चा व्हावी, अशी ही रीत. परीक्षेतही पुस्तक व वही जवळ बाळगण्याची मुभा होती आणि प्रत्यक्ष प्रयोगाची स्वतंत्र परीक्षा होती. पाठांतराला वाव उरत नसल्याने साहित्य वापरण्यावाचून गत्यंतर नव्हते. फुटलेले व संपलेले साहित्य भरून देण्याची तरतूद कार्यक्रमाच्या रचनेतच होती. त्यामुळे नोंदवहीचे भय निम्म्याने तरी कमी झाले.

साहित्याचा प्रश्न मुलांनीच काही अंशी सोडवला. फुलांचे भाग सुटे करून पाहण्यासाठी अणकुचीदार सुई लागते. प्रत्येक टोळीला सुई पुरवणे, ती हरवू न देणे, गंजू न देणे हा एक व्यापच. शेतांच्या कुंपणाला मात्र बाभळीचे काटे हवे तितके होते, आणि सुईची जागा त्यांनी घेतली. काटा फुकट मिळतो, मोडला तर दुसरा तोडता येतो आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत नसते. १९७८ मध्ये नोकरीतून रजा घेऊन या कार्यक्रमात आलेले अभियंते अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांच्या साह्याने भूमितीच्या आकृत्या उभ्या केल्या, त्याही याच धाटणीच्या. गुप्ता यांचे पुढील दीर्घकाळचे काम पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत झाले आणि महाराष्ट्रातील अनेक शिक्षकांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञान-खेळणी करण्याची कला त्यांच्याकडून घेतली.

तथापि, बाभळीच्या काट्याचे कौतुक करून थांबणे योग्य होणार नाही. स्वस्त साहित्य हा या कार्यक्रमाचा दर्शनी भाग होता. त्याचा कणा शिक्षकांच्या आधारव्यवस्थेत होता. उन्हाळ्यात निवासी प्रशिक्षण, महिन्याला एक बैठक, वर्गात येऊन सोबत बसणारा अनुगमनकर्ता आणि मुलांच्या पत्रांना उत्तरे देणारा ‘सवालीराम’. हे नाव काल्पनिक, पत्रे मात्र खरी. मासिक बैठकीत शिक्षक ‘हा प्रयोग जमला नाही’ असे उघडपणे सांगत आणि त्यावरून पुस्तकातील पाठ बदलत.

नेमक्या त्याच दशकात, १९७४ च्या सुमारास, राजस्थान व मध्य प्रदेशातील चंबळ लाभक्षेत्रातून भारतातील ‘प्रशिक्षण व भेट’ ही विस्तारपद्धती सुरू झाली. तेथेही ठरावीक दिवशी प्रशिक्षण होते, ठरावीक दिवशी भेट होती. परंतु संदेश वरून ठरत असे आणि ग्रामसेवकाने तो संपर्क शेतकऱ्यापर्यंत पोहोचवायचा असे. वेळापत्रक दोन्हीकडे होते. प्रश्नाची दिशा उलटी होती. शेतीशाळेच्या पद्धतीने पुढे विस्तारकार्यात ही दिशा काही प्रमाणात पालटली. शेतीशाळा चालवणाऱ्या कार्यकर्त्याला होशंगाबादचा वर्ग परका वाटणार नाही, याचे कारण हेच.

२००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. एका राज्यात विज्ञानाची दोन वेगळी पाठ्यपुस्तके असू नयेत, ही भूमिका त्यामागे होती. पुढच्या इयत्तांच्या पाठांतरप्रधान परीक्षांत या मुलांचे काय, ही पालकांची चिंताही खोटी म्हणता येणार नाही. प्रयोगाला वेळ लागतो आणि वार्षिक परीक्षा कोणासाठी थांबत नाही. तरीही कार्यक्रमाचा वारसा उरला. मुंबईहून या कामाला आरंभापासून पाठबळ देणारे वैज्ञानिक यशपाल हेच राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या सुकाणू समितीचे अध्यक्ष होते आणि शाळेतील ज्ञान शाळेबाहेरील जीवनाशी जोडणे हे त्या आराखड्याचे एक मार्गदर्शक तत्त्व ठरले. एकलव्यच्या हिंदी ‘संदर्भ’ द्वैमासिकाच्या प्रेरणेने मराठीतही ‘शैक्षणिक संदर्भ’ निघाले.

विस्तार यंत्रणेसाठी दार

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा ‘दप्तरमुक्त दिवस’ सुचवले आहेत. या दिवसांत मुलांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांकडून प्रत्यक्ष काम शिकावे, अशी अपेक्षा आहे. दुसरीकडे केंद्रीय कृषी मंत्रालयाने शालेय शिक्षण विभागाच्या सहकार्याने मृदा आरोग्याचा शालेय कार्यक्रम प्रथम वीस केंद्रीय व नवोदय विद्यालयांत राबवला आणि पुढे सुमारे एक हजार शाळांपर्यंत नेण्याचे ठरवले. देशात सातशेहून अधिक कृषी विज्ञान केंद्रे आहेत. शाळेच्या दारी जाण्यास कृषी शास्त्रज्ञ, कृषी सहायक आणि प्रगतिशील शेतकरी यांना आजवर क्वचितच इतके अधिकृत निमंत्रण होते.

प्रश्न इतकाच की ते काय घेऊन जातील. रंगीत तक्ते व घडीपत्रिका घेऊन गेल्यास पेटीत आणखी एका वस्तूची भर पडेल. सोयाबीनची मूठभर बी आणि ओले गोणपाट घेऊन गेल्यास गोष्ट वेगळी होते.

उगवणक्षमतेची चाचणी विस्तार कार्यकर्त्यास पाठ असते. वर्गासाठी तीत किती ऐवज दडला आहे याकडे सहसा लक्ष जात नाही. चार टोळ्या कराव्यात, प्रत्येकीने एकाच पोत्यातील शंभर बिया न निवडता मोजून घ्याव्यात, ओलसर गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडून गुंडाळी करावी आणि ती सावलीत ठेवावी. कापड ओलसर असावे, पाणी निथळणारे नसावे. सोयाबीन जादा पाण्यात कुजते. पाचव्या दिवशी पहिली व आठव्या दिवशी शेवटची मोजणी. समजा, चार टोळ्यांचे सशक्त कोंब अनुक्रमे ६०, ६६, ५८ आणि ६८ आले. पोते एक असताना आकडे चार का, हा प्रश्न कोणीतरी विचारतोच, आणि सरासरी या कल्पनेचा याहून चांगला प्रवेश सातवीच्या गणिताच्या पुस्तकात सापडणे अवघड आहे. बीजपरीक्षण प्रयोगशाळाही शंभराच्या चार नमुन्यांवर चाचणी करते, हे त्या वेळी सांगावे; आधी नव्हे.

सरासरी ६३ आली. प्रमाणित सोयाबीन बियाण्यासाठी किमान उगवण ७० टक्के लागते. हेक्टरी ७५ किलो बियाणे ७० टक्क्यांच्या हिशेबाने धरले असेल, तर ६३ टक्क्यांना किती लागेल? ७५ गुणिले ७०, भागिले ६३: सुमारे ८३ किलो. हे उत्तर वहीत राहत नाही. मुलगी ते घरी सांगते आणि घरचे बियाणे वापरायचे, जास्त पेरायचे की बदलायचे, असा पैशांचा निर्णय त्यावर ठरू शकतो. म्हणूनच येथे दोन पथ्ये आहेत. नमुन्यांना घराची नावे न देता क्रमांक द्यावेत. कोणाचे बियाणे निकृष्ट निघाले याची वर्गात चर्चा झाली तर पुढच्या वेळी कोणी नमुना आणणार नाही. आणि बुरशीनाशक चोळलेले, रंगीत बियाणे मुलांच्या हाती मुळीच देऊ नये.

मातीसाठी एक लिटरची पारदर्शक बाटली पुरते. तिसरा हिस्सा बारीक केलेली कोरडी माती, वर पाणी, चमचाभर धुण्याची पूड. पाच मिनिटे हलवून बाटली स्थिर ठेवावी. वाळू मिनिटाभरात बसते, पोयटा दोनेक तासांत आणि चिकणमातीला एक-दोन दिवस लागतात. थर पट्टीने मोजता येतात. नर्मदेच्या वा गोदावरीच्या खोऱ्यातील काळ्या मातीची बाटली दुसऱ्या दिवशीही गढूळच दिसते, तेव्हा ‘जमीन भारी आहे’ या घरी ऐकलेल्या वाक्याचा अर्थ डोळ्यांना दिसतो. त्यापुढची पायरी म्हणजे बशीत साठवलेले पावसाचे पाणी घेऊन त्यात हरभऱ्याएवढे कोरडे ढेकूळ अलगद सोडणे. न ढवळता दोन तासांनी पाहावे. ढेकूळ नुसते विस्कटले तर फारशी चिंता नाही. भोवती दुधाळ ढग पसरला तर जमीन चोपण होत असल्याची शंका घ्यावी व नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. बशी अंतिम निदान करीत नाही, परंतु कोणत्या शेताचा नमुना आधी पाठवायचा एवढे सांगते. कालव्याच्या लाभक्षेत्रातील गावांत ही चाचणी विशेष उपयोगी पडेल.

पर्जन्यमापक तर सरळ कडांच्या डब्याचाही होतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, हेक्टरला दहा हजार लिटर; एवढे कळले की शेततळ्याचे गणित मुले स्वतःच मांडू लागतात.

या सर्वांत पाहुण्याची कसोटी उत्तर न देण्यात आहे. बिया कमी का उगवल्या असे विचारल्याबरोबर मळणीतील मार, साठवणीतील ओलावा, पोती उंचावरून आपटणे ही कारणे सांगून टाकण्याची सवय तज्ज्ञाला असते. त्याऐवजी एकाच बियाण्याचा निम्मा नमुना मुद्दाम उंचावरून फरशीवर पाच-सहा वेळा आपटून दुसरी गुंडाळी लावावी. सोयाबीनचे आवरण नाजूक असते. फरक बहुधा मोजणीत दिसतो. शिक्षकाला मात्र हा क्रम आधी एकदा करून पाहू द्यावा आणि आठ दिवसांनी मोजणीच्या वेळी कार्यकर्त्याने पुन्हा यावे. एकाच भेटीत उरकलेला कार्यक्रम छायाचित्रापुरता उरतो.

राहिला हंगामाचा मेळ. खरिपाच्या बियाण्याची चाचणी पेरणीपूर्वी हवी, पण त्या दिवसांत शाळांना सुटी असते आणि जूनमध्ये वर्ग भरेपर्यंत अनेक ठिकाणी तिफण शेतात गेलेली असते. त्यामुळे सोयाबीनची गुंडाळी मार्चमध्ये, वार्षिक परीक्षेच्या आधी लावावी लागेल. उन्हाळ्यातील साठवणीत उगवण आणखी घटू शकते, म्हणून मुलांनी पेरणीच्या तोंडावर घरी ती पुन्हा करावी. हरभरा आणि गव्हाची वेळ अधिक सोयीची आहे. दोन्हींसाठी किमान ८५ टक्के उगवण लागते, आणि दिवाळीच्या सुटीआधीच्या पंधरवड्यात घरात बियाणेही असते व वर्गात मुलेही. दप्तरमुक्त दिवसांचे वेळापत्रक शाळा साधारणतः वर्षाच्या आरंभी आखतात; त्यातील दोन दिवस या पंधरवड्यात मागून घ्यायचे, तर मुख्याध्यापकांची भेट जुलैतच घ्यावी लागेल.