रोसेटो: शेजारधर्म जपणारे गाव
अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातले रोसेटो आणि बँगोर ही एकमेकांना लागून असलेली गावे. १८८२ पासून इटलीतल्या रोसेटो वालफोर्तोरेहून दगडखाणीत कामाला आलेल्यांनी रोसेटो वसवले. एकाच मुलखातली माणसे, एका घरात तीन पिढ्या, दारातल्या गप्पा, चर्चचा वार्षिक उत्सव आणि श्रीमंती न मिरवण्याची रीत यांमुळे इथला शेजार बँगोरपेक्षा घट्ट राहिला. १९६० च्या दशकात डॉ. स्ट्यूअर्ट वुल्फ आणि समाजशास्त्रज्ञ जॉन ब्रून यांना इथे हृदयविकाराने होणारे मृत्यू आसपासच्या गावांपेक्षा कमी आढळले. पुढे मोठी, स्वतंत्र घरे आणि कुंपणे आली, एकत्र कुटुंबे विखुरली. १९७० च्या दशकात हा फरकही मावळला.