परीक्षा न्यायासाठीं कीं शिक्षणासाठीं ?

आमच्या शाळांतून परीक्षेस न्यायासनाचें स्वरूप आलें आहे. वर्षाअखेर विद्यार्थ्यास आरोपीप्रमाणें उभें करावयाचें, गुणांच्या रूपानें निकाल सुनवावयाचा आणि प्रकरण दप्तरीं दाखल करावयाचें, एवढेंच तिचें कार्य अशी समजूत दृढ झाली आहे. शैक्षणिक मानसशास्त्राचा कौल या समजुतीच्या विरुद्ध आहे, व तो पुराव्यावांचून दिलेला नाहीं.

जर्मन पंडित हेर्मान एबिंगहाउस यांनीं स्वतःवर प्रयोग करून १८८५ सालीं दाखविलें कीं, पाठ केलेलें प्रथम झपाट्यानें व पुढें मंद गतीनें विसरलें जातें. या विस्मृतीस उपाय काय ? अमेरिकेंतील रोडिगर व कार्पिकी या संशोधकांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांस उतारे वाचावयास दिले. नंतर कांहीं उतारे त्यांनीं पुन्हा वाचले. कांहीं दृष्टीआड ठेवून आठवेल तेवढें लिहून काढलें. पांच मिनिटांनीं तपासतां पुन्हा वाचलेल्यांपैकीं शेंकडा ८१ भाग आठवला, लिहून काढलेल्यांपैकीं ७५. आठवड्यानें तपासतां मात्र पारडें फिरलें : वाचलेल्यांपैकीं ४२, लिहून काढलेल्यांपैकीं ५६ ! तात्पर्य, वाचनानें विषय आल्याचें जें समाधान वाटतें तें फसवें असतें. आठवण्याच्या श्रमानेंच ज्ञान टिकतें.

शिक्षकांनीं यावरून काय करावें ? तासाच्या आरंभीं पुस्तकें मिटवावीं, कालच्या पाठावर दोन व गेल्या आठवड्यावर एक असे प्रश्न विचारावे, आणि सर्वांकडून उत्तरें लिहवून चुका तेथेंच दुरुस्त कराव्या. गुण देऊं नयेत. वर्ग मोठा व अभ्यासक्रम लांब, असा आक्षेप येईल. परंतु शिकविलेलें विसरलें जात असेल, तर अभ्यासक्रम पुरा झाला असें कोणत्या तोंडानें म्हणावयाचें ? ही घोकंपट्टीच, असेंही कोणी म्हणेल. घोकणारा डोळ्यांपुढील शब्द फिरवितो. येथें मुलानें स्वतःच्या शब्दांत अर्थ सांगावयाचा आहे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें शारीरिक शिक्षा व मानसिक छळ निषिद्ध केला. कायद्यानें छडी काढून घेतली. रिकाम्या हातीं काय द्यावें, हें शास्त्र सांगत आहे. सधनाच्या मुलास रोज प्रश्न विचारणारा खाजगी शिक्षक घरीं मिळतो. मजुराच्या मुलीस विचारणारें शाळेवांचून दुसरें कोण आहे ? तिला वर्षांतून एकदां निकाल ऐकविण्यापेक्षां रोज एक प्रश्न विचारणें, हेंच शिक्षकाचें खरें कर्तव्य होय.