अवकाशातील किरणोत्सर्गी ॲल्युमिनियमचा ठाव देणारा फ्लोराइड रेणू

ॲल्युमिनियम मोनोफ्लोराइड हे अत्यंत साधे संयुग आहे. त्याच्या रेणूत ॲल्युमिनियम आणि फ्लोरीनचा प्रत्येकी एकच अणू असतो. तरीही पृथ्वीवर ते साठवून ठेवता येत नाही. ॲल्युमिनियम ट्रायफ्लोराइड आणि धातुरूप ॲल्युमिनियम एकत्र अतिशय तापविल्यास हा वायू तयार होतो. मात्र थंड होताच तो पुन्हा मूळ दोन पदार्थांत विभागला जातो.

याचे कारण बंधाचा कमकुवतपणा नव्हे. हा बंध अतिशय मजबूत असतो. रेणू एकमेकांच्या निकट आले की अणूंची फेरमांडणी होते. ताऱ्यांभोवतीच्या विरळ वायूत रेणूंच्या टकरी क्वचितच होतात, म्हणून तेथे हा रेणू टिकतो.

या गुणधर्मामुळे खगोलशास्त्रातील एका जुन्या प्रश्नाचा धागा हाती आला. ॲल्युमिनियम-२६ या किरणोत्सर्गी समस्थानिकाच्या क्षयातील उष्णतेने सौरमालेच्या बाल्यावस्थेत अनेक लघुग्रह आतून वितळले, असे मानले जाते. आकाशगंगेत आजही हे समस्थानिक सुमारे दोन सूर्यांच्या वस्तुमानाइतके असल्याचे गॅमा किरणांवरून दिसते. मात्र ते नेमक्या कोणत्या ताऱ्यातून बाहेर पडते, हे त्या किरणांवरून ठरविणे कठीण होते.

जंबुक तारकासमूहात १६७० मध्ये एक नवा तारा उजळला आणि पुढे दिसेनासा झाला. दोन ताऱ्यांच्या टकरीतून उरलेल्या या अवशेषाला ‘सीके व्हल्पेक्युली’ म्हणतात. तेथे ॲल्युमिनियम-२६ असलेला मोनोफ्लोराइड आढळल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. चिलीतील ‘अल्मा’ आणि फ्रान्समधील ‘नोएमा’ या दुर्बिणींनी हे संकेत टिपले. सूर्यमालेबाहेर निश्चितपणे ओळखला गेलेला हा पहिला किरणोत्सर्गी रेणू ठरला.

रेणू फिरताना ठरावीक वारंवारितेच्या लहरी सोडतो. अणू हलका असल्यास ही वारंवारिता वाढते. येथील फरक सुमारे दीड टक्का आहे. फ्लोरीनचे स्थिर समस्थानिक एकच असल्याने संकेतांत गुंतागुंत होत नाही. ॲल्युमिनियम-२६ चा अर्धायुकाल सुमारे ७ लाख वर्षे असल्याने साडेतीन शतकांत त्यात नगण्य घट झाली.

तथापि, अशा टकरी दुर्मीळ असतात आणि येथे आढळलेले प्रमाणही अल्प आहे. त्यामुळे आकाशगंगेतील बहुतांश ॲल्युमिनियम-२६ अन्य स्रोतांतून येत असावे, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे.