रोज रात्री थंड पडणारा पक्षी

हमिंगबर्ड म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांसमोर जास्वंदीभोवती भिरभिरणारा, उन्हात चमकणारा एक चिमुकला पक्षी उभा राहतो. तो आपला शिंजीर. हमिंगबर्डचे आणि त्याचे जवळचे नाते नाही. फुलातला मध पिण्याच्या एकाच धंद्यामुळे दोघांना लांब चोच आणि झगमगता पोशाख मिळाला, इतकेच. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आज आहेत आणि त्या साऱ्या अमेरिकेच्या दोन खंडांत आहेत. भारतात एकही नाही.

त्यांपैकी बहुतेकांचे घर उष्ण प्रदेशात. परंतु एक कुळ असे आहे की ज्याने राहण्यासाठी दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताचा माथाच निवडला. इंग्रजीत त्याला 'हिलस्टार' म्हणतात. मी त्याला डोंगरतारा म्हणणार आहे. हा शब्द माझा आहे, कोशात शोधू नये. त्यातील 'ओरिओट्रोकिलस एस्टेला' ही जात दक्षिण पेरू, बोलिव्हिया आणि त्यांना लागून असलेल्या चिली व अर्जेंटिनाच्या भागांत आढळते. वजन सुमारे आठ ग्रॅम, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याएवढे. नराचा गळा हिरवा, लखलखता, पोट पांढरे. मादी साधी, तपकिरी.

हा राहतो साधारणपणे साडेतीन हजार मीटरच्या वर. आपल्या कळसूबाईवर दुसरे कळसूबाई रचले तरी आपण त्याच्या अंगणापर्यंत पोहोचत नाही. तेथे इचू नावाच्या राठ गवताचे अफाट माळ आहेत. त्या प्रदेशाला 'पुना' म्हणतात (पुण्याच्या मंडळींनी हुरळून जाऊ नये). मधूनमधून पॉलिलेपिस या झाडांची खुरटी, वाकडी रानेही लागतात. त्यांच्या सालीचे कागदासारखे पापुद्रे निघतात. दिवसा ऊन भाजते आणि रात्री पारा शून्याखाली उतरतो. हवा इतकी विरळ की चार हजार मीटरवर तिची घनता समुद्रकाठच्या दोनतृतीयांशच उरते. पंख मारून हवेत एका जागी तरंगायचे, तर मारायला हवा तरी हवी! म्हणून डोंगरतारा बहुधा ती ऐट सोडून देतो. 'चुकिरागा' नावाच्या काटेरी झुडपाच्या नारिंगी फुलापाशी तो फांदीला पायांनी धरून बसतो आणि मध पितो. त्याचे पायही इतर हमिंगबर्डच्या मानाने मोठे असतात. विरळ हवेतील प्राणवायू रक्ताने घट्ट धरून ठेवावा, यासाठी उंचावरील हमिंगबर्डच्या हिमोग्लोबिनमध्येही बदल झालेला आहे, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले.

येथपर्यंत ठीक. खरा प्रश्न रात्रीचा आहे. एवढ्याशा देहातून उष्णता भराभर निसटते. दिवसा शरीराचे तापमान चाळीस अंशांच्या आसपास ठेवायचे, तर सतत मध पोटात पडला पाहिजे, आणि अंधारात फुले शोधता येत नाहीत. रात्रभर ते तापमान टिकवायचे ठरवले तर गाठीची चरबी उजाडण्यापूर्वीच संपून जाईल. ज्यांचे हातावर पोट आहे, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. लहानपणी ज्या दिवशी काम मिळत नसे, त्या दिवशी आई आम्हां भावंडांना लवकर निजवायची. जागे राहिले की भूक लागते, हे तिचे शास्त्र.

डोंगरताऱ्याचे शास्त्र तेच, पण फार पुढे गेलेले. तो नुसता झोपत नाही. तो देहाची भट्टीच जवळजवळ विझवून टाकतो. लिन कार्पेंटर या शास्त्रज्ञ महिलेने १९७०च्या दशकात पेरूमध्ये या पक्ष्याचा बारकाईने अभ्यास केला. त्यात असे आढळले, की रात्री त्याचे तापमान सहासात अंशांपर्यंत उतरते. हमिंगबर्डचे हृदय उडताना मिनिटाला हजाराच्या घरात धडधडते. या अवस्थेत ते पन्नासाच्या आसपास येऊ शकते. पक्षी गार, ताठ, निश्चल. कोणी हातात घेतला तर मेलेला समजून टाकून देईल. शक्तीची बचत मात्र नव्वद टक्क्यांच्या पुढे जाऊ शकते. त्याच्या नात्यातील पेरूचा काळा 'मेटलटेल' याच्यावर तर कडी करतो: २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचे तापमान ३.२६ अंश नोंदले गेले. पहाटे छातीचे स्नायू थरथरवून हे पक्षी पुन्हा ऊब आणतात आणि कामाला लागतात.

एवढे करूनही उघड्यावर रात्र काढणे धोक्याचे. ऑलिव्हर पीअरसन यांनी १९५३ साली लिहिले, की पेरूच्या उंच भागातील हमिंगबर्ड गुहांचा आश्रय घेतात. गुहेतील हवा रात्री बाहेरच्यापेक्षा उबदार राहते.

मादीला मात्र सहसा ही सवलत नाही. कड्याच्या कपारीत, शक्यतो सकाळचे ऊन लवकर येईल अशा पूर्वेकडच्या बाजूस, ती जाडजूड घरटे बांधते आणि दोन अंडी घालते. नराचा या कामात हातभार नसतो. ती थंड पडली तर अंडीही थंड पडतील. म्हणून उबवणीच्या काळात ती सामान्यतः रात्रभर गरम राहते. तिचा सगळा खर्च दिवसाच्या मधातून निघावा लागतो. घरट्याची जाडी आणि कड्याची दिशा यांना इतके महत्त्व का, हे येथे कळते.

या कुळाचा एक निळ्या गळ्याचा सदस्य २०१७ साली इक्वेडोरच्या नैऋत्येकडील डोंगरांत प्रथम दृष्टीस पडला आणि २०१८ साली शास्त्राच्या वहीत नोंदला गेला. त्याचे सारे राज्य सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे. नोंद करणाऱ्यांच्या अंदाजाने संख्या साडेसातशेच्या आत, कदाचित त्याहूनही पुष्कळ कमी. तेथील गवत चराईसाठी जाळले जाते आणि जमिनीखाली सोने आहे.